खडूची रेषा पाण्याने जाते: नागपुरातील फ्लॅट स्कीम आणि सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील फ्लॅट स्कीम, गृहनिर्माण सोसायट्या आणि लेआउटच्या समित्यांचे अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद यांस

सादर नमस्कार.

मी सव्वीस वर्षे बालवाडीत शिकवले आणि निवृत्तीनंतर पश्चिम नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहते. बारा फ्लॅट, खाली पार्किंग, जिन्यापासून गेटपर्यंत सिमेंटचा एक गुळगुळीत पट्टा आणि कम्पाउंडच्या भिंतीला लागून एक कडुनिंब, एवढेच आमचे आवार आहे. गेल्या डिसेंबरात आमच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. पार्किंगमध्ये किंवा आवारात कोठेही खडूने लिहिण्यास व चित्र काढण्यास सक्त मनाई असून, तसे आढळल्यास पालकांकडून दोनशे रुपये दंड घेतला जाईल, असे त्यावर लिहिले होते. पुढे नातलगांकडे आणि जुन्या सहशिक्षिकांकडे जाणे झाले तेव्हा अशाच अर्थाच्या सूचना आणखी दोन ठिकाणी वाचायला मिळाल्या. म्हणून हे पत्र एकट्या आमच्या समितीला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे.

सूचना लागण्याच्या आधीच्या रविवारी काय घडले ते आधी सांगते. आमच्या आवारातली पाच मुले माझ्याकडे खडू मागायला आली. सर्वांत मोठा दहा वर्षांचा होता आणि सर्वांत लहान मुलगी साडेचार वर्षांची. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डायनासोरची हाडे सापडली आहेत, असे मोठ्या मुलाने शाळेत ऐकले होते, आणि ते खरेच आहे. डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या त्या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचे शास्त्रीय वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीसॉरस हे नाव मिळाले. त्याच्या लांबीचे अंदाज अकरा मीटरपासून अठरा मीटरपर्यंत आहेत. मुलांनी अर्थातच अठरा मीटर पसंत केले आणि तो खऱ्या मापाचाच काढायचा, असे ठरले.

माझ्याकडची सुतळी नेऊन त्यांनी तिला दर मीटरवर एक गाठ मारली. शेपटी जिन्याच्या खालच्या पायरीपासून सुरू झाली. चौदाव्या गाठीला गेट आले आणि मान अजून व्हायचीच होती. मोठ्याचे म्हणणे पडले की मान रस्त्यावर जाऊ द्यावी. आठ वर्षांच्या मुलीने त्याला गेटबाहेर जायचे नाही या नियमाची आठवण करून दिली. बराच वाद होऊन शेवटी शेपटी जिन्यापाशी वळवली तर चार मीटर आतच मिळतात, असा तोडगा निघाला, आणि काढून झालेली शेपटी ओल्या फडक्याने पुसून मुलांनी ती नव्याने काढली. साडेचार वर्षांच्या मुलीकडे मागच्या पायांची नखे होती. ती एकेक नख गुलाबी खडूने भरायची, उठायची आणि त्यावर स्वतःचे पाऊल ठेवून कोण मोठे ते बघायची. तिचे पाऊल प्रत्येक वेळी नखाच्या आत मावत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस येण्याआधी चौकीदाराने मुलांना खाली बोलावले. त्याला तसे सांगण्यात आले होते, त्याचा यात दोष नाही. मुलांकडूनच बादलीने पाणी टाकवून आणि खराट्याने घासवून तो डायनासोर पुसून घेतला गेला. मी गॅलरीतून खाली येईपर्यंत मानेचा भाग गेला होता. लहान मुलीने माझ्याकडे बघून एवढेच विचारले, "नखं पण पुसायची का?" सव्वीस वर्षांत मुलांच्या पुष्कळ प्रश्नांना उत्तरे दिली, पण या प्रश्नापुढे मी गप्प राहिले याची खंत मला अजूनही आहे.

चित्र पुसले गेले याचे दुःख मी धरून बसलेली नाही. खडूचे चित्र पुसले जाण्यासाठीच असते, आणि ती अर्धी शेपटी स्वतः पुसून पुन्हा काढताना मुलांना काहीच वाटले नव्हते. आपण काढलेली गोष्ट घाण ठरवून ती आपल्याच हातांनी, शिक्षा म्हणून साफ करायला लावणे, ही बाब निराळी आहे. ते पाचही जण त्यानंतर खडू मागायला आलेले नाहीत. सुटीच्या दिवशी सकाळी आता आवार स्वच्छ असते आणि मुले घरात मोबाइल घेऊन बसलेली असतात.

आपला पहिला आक्षेप स्वच्छतेचा असतो आणि तो मी गांभीर्यानेच घेते, कारण आवार नीट ठेवणे हे समितीचे काम आहे. तरीही दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवते. त्या दिवशी अठरा मीटरचा डायनासोर पुसायला पाऊण बादली पाणी आणि जेमतेम दहा मिनिटे लागली, आणि नऊ वाजता सिमेंट वाळले तेव्हा कोठेही डाग नव्हता. बाजारात मिळणारा जाड रंगीत खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो, घरातल्या पीओपीच्या कामातल्या पदार्थाच्याच कुळातला. तो सिमेंटच्या पृष्ठभागावर नुसता भुकटीच्या रूपाने बसतो, तेलरंगासारखा धरून राहत नाही, म्हणून पाणी आणि खराटा एवढ्यावर निघून जातो. दुसरी गोष्ट रांगोळीची. गुढीपाडव्याला आणि दिवाळीत याच गेटपुढे, याच सिमेंटवर आपण हौसेने रांगोळ्या काढतो, त्या पायांनी विस्कटतात, वाऱ्याने जिन्यापर्यंत येतात, आणि त्यांना घाण म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. दगडाची पूड मोठ्यांच्या चिमटीतून सांडली की ती शोभा ठरते. तीच न्यायबुद्धी लहानांच्या खडूलाही लावावी, एवढेच मागणे आहे.

अर्थात सगळीकडे खडू चालेल, असे मी म्हणत नाही. रंगवलेली भिंत, गाड्या, लिफ्टची दारे आणि जिन्यातल्या फरशा यांवर तो नकोच. खरबरीत दगडाच्या आणि जुन्या गट्टूंच्या छिद्रांत गडद निळा किंवा लाल रंग काही दिवस राहतो, हेही खरे. म्हणूनच एक ठरावीक जागा हवी, जिथे मुलांना थांबवावे लागणार नाही आणि जी सोडून इतरत्र त्यांनी काढू नये, असे त्यांना सांगता येईल. चार वर्षांच्या मुलालासुद्धा हद्द समजते, फक्त ती हद्द कोठे आहे हे त्याला दिसले पाहिजे. त्या हद्दीची रेषासुद्धा त्यालाच खडूने आखू द्यावी.

गाड्यांची काळजी मला आपल्याइतकीच वाटते. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला जमिनीवर बसलेले मूल दिसत नाही, म्हणून ज्या वेळेत मुले खाली असतील त्या वेळेत तो भाग दोन कुंड्या किंवा दोरी लावून बंद करणे आणि एका मोठ्या माणसाने तिथे खुर्ची टाकून बसणे याला पर्याय नाही. ते बसण्याचे काम आमच्यासारख्या निवृत्तांना आनंदाचे आहे. धुळीचे म्हणाल तर उघड्यावर जाड खडूने जमिनीवर काढताना ती वर्गातल्या फळ्यापेक्षा कमीच तोंडावर येते; ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्याला खडू पाण्यात बुडवून द्यावा, म्हणजे भुकटी उडत नाही आणि रंगही गडद उमटतो.

या ठिकाणी एका धोक्याकडे आपले लक्ष वेधणे मला फार आवश्यक वाटते, कारण तो समितीच्याच हातचा आहे. झुरळे आणि मुंग्या मारण्यासाठी मिळणारा खडू दिसायला हुबेहूब फळ्यावरच्या खडूसारखा असतो आणि त्यात कीटकनाशक असते. अनेक स्कीममध्ये नालीच्या कडेने, मीटरच्या खोलीत आणि कचऱ्याच्या डब्यांजवळ त्याच्या रेघा मारतात आणि उरलेला तुकडा तिथेच ठेवून देतात. मूल तो उचलते, त्याने चित्र काढते आणि तेच बोट तोंडात घालते. मुलांच्या खडूवर बंदी घालण्याऐवजी हा खडू कुलूपबंद ठेवावा आणि त्याचे तुकडे आवारात कोठेही पडू देऊ नयेत. मुलांना वेगळा, जाड, रंगीत खडू हाताशी मिळाला की ती कोपऱ्यातला पांढरा तुकडा शोधायला जात नाहीत.

आता जागेविषयी थोडे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकामाचा विकास करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. आपल्या शहरात मात्र हजारो कुटुंबे जुन्या लेआउटमधल्या बंगल्याच्या एकेका प्लॉटवर उभ्या राहिलेल्या स्कीममध्ये राहतात, आणि हे प्लॉट त्या मापाच्या जवळपासही जात नाहीत. तिथे बगिचा नाही, मैदान नाही; जमीन म्हणून जे काही आहे ते पार्किंगच आहे. जवळच्या उद्यानात जायचे तर सोबत मोठे माणूस लागते आणि मधला रस्ता ओलांडावा लागतो. म्हणजे पार्किंगमध्ये खडूला बंदी घातली की त्या मुलापुरती जमीनच संपते.

आमच्या लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्याला अंगण होते. विटेच्या तुकड्याने, कोळशाने, आणि आजीने चूल सारवायला आणून ठेवलेल्या पांढऱ्या छुई मातीच्या ढेकळाने आम्ही त्यावर ठिकरीची घरे आखत होतो. कोणी त्या खेळाला टिक्कर म्हणे, कोणी बिल्लस. अंगण शेणाने सारवले की सगळी घरे जात आणि दुसऱ्या दिवशी नवी आखली जात. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात अंगणातच होते हे ओळखून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या या शब्दातले अंगण आपल्या स्वतःच्या इमारतींमध्ये उरलेले नाही. जे उरले आहे त्याला आपण पार्किंग म्हणतो.

एवढे सगळे कशासाठी, कागद आणि क्रेयॉन घरी आहेतच, असे मला एका सभासदांनी विचारले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर मी बालवाडीतल्या अनुभवावरून देऊ शकते. लहान मूल आधी खांद्यातून रेघ ओढते, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि बोटांची पकड त्यानंतर येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला वहीच्या दोन ओळींमध्ये कोंबले की ते पेन्सिल मुठीत आवळते, हात दुखतो म्हणते आणि लिहिण्याचा कंटाळा करायला लागते. त्याच मुलाला जमिनीवर बसवून हातभर लांब वर्तुळ काढू द्या, मागे सरकत सरकत भिंतीपर्यंत रेघ ओढू द्या. तीन-चार महिन्यांत त्याच्या हातात जो मोकळेपणा येतो तो सुलेखनाच्या कोणत्याही वहीने येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आले की अक्षर सुधारायचे असेल तर आधी ओटा द्या, वही नंतर.

आणि शोध घेण्याचे म्हणाल तर जमिनीवर जे कळते ते कागदावर कळतच नाही. आयसीसॉरस अठरा मीटरचा होता हे पुस्तकात वाचून मूल पान उलटते. चौदाव्या गाठीला गेट आडवे आले तेव्हा अठरा म्हणजे काय ते त्या पाच जणांना कळले. पावसाळ्यात साचलेल्या डबक्याभोवती खडूची रेघ मारावी, तासाभराने पुन्हा मारावी. रेघा एकाआत एक सरकत जातात आणि पाणी कोठे गेले हा प्रश्न मुलेच विचारतात. ज्या बाजूने डबके आधी आटते ती बाजू उंच, हेही तीच सांगतात. आमच्या मुलांनी गेल्या ऑगस्टमध्ये काढलेल्या अशा रेघांवरून पार्किंगचा उतार गेटकडे नसून मीटरच्या खोलीकडे आहे हे लक्षात आले होते, आणि समितीने त्यावरून तिथे उंबरा घालून घेतला. खडूवर लिंबाचे चार थेंब टाकून बुडबुडे आले तर तो चुनखडीचा, नाही आले तर जिप्समचा, हा प्रयोग तर कोणत्याही आजोबांना करता येईल. नैसर्गिक खडू म्हणजे प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा साचलेला थर, आणि ज्या काळात डोंगरगावचा तो प्राणी जगला त्या काळाला भूशास्त्रात जे क्रिटेशियस हे नाव आहे ते लॅटिनमधल्या खडूच्याच शब्दावरून पडले आहे. हे सांगितले तेव्हा मोठा मुलगा हातातला खडू बराच वेळ उलटसुलट करून बघत होता.

आपल्या शहराला मुलांच्या खेळाचे वावडे कधीच नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन मुले रस्त्यावर निघतात आणि मोठी माणसे बाजूला उभी राहून त्यांना वाट देतात, ही तान्ह्या पोळ्याची रीत भोसल्यांच्या काळापासून आपण जपली आहे. महालातली एक अख्खी ओळ चितारांच्या नावाने ओळखली जाते. त्या नागपुरात चित्र काढल्याबद्दल मुलाच्या आईवडिलांकडून दंड घेतला जावा, हे माझ्या मनाला लागते, आणि ज्यांनी तो ठराव केला त्यांनाही शांतपणे विचार केल्यावर लागेल, असा मला विश्वास वाटतो.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. फलकावरची सूचना काढून त्या जागी दुसरी लावावी, जिच्यात खडूची जागा आणि वेळ लिहिलेली असेल. दोन खांबांमधला एका गाडीएवढा सिमेंटचा भाग पुरतो. जिथे तेवढाही रिकामा नसेल तिथे दिवसा कामाला जाणाऱ्या गाडीची जागा संध्याकाळपर्यंत तरी मोकळीच असते. त्या कुटुंबाची संमती घेऊन ती वापरता येईल. हिवाळ्यात सकाळ-दुपार कधीही चालेल, पण मार्च उजाडला की सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर सहानंतरच मुलांना खाली सोडावे, कारण आपल्याकडचे सिमेंट मे महिन्यात पाय टेकू देत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, मुलांनी पाणी टाकून ती जागा धुवावी. त्या धुण्यात शिक्षा नसावी. झाडांना घालायचे पाणी आधी तिथून फिरवले तरी काम होते. आणि धुण्याआधी समितीतल्या कोणीतरी पाच मिनिटे खाली येऊन काय काढले आहे ते मुलांकडून ऐकून घ्यावे. सर्वांत जास्त आग्रह मी याच गोष्टीचा धरते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे आपल्या मुलांची उन्हाळ्याची सुटी सगळ्यांत लांब असते. ती आता लागायला आली आहे. या सुटीतल्या एका दिवसाबद्दल लिहून थांबते.

गेल्या डिसेंबरात २२ तारखेला, सूचना लागलेली असतानाही, मी माझ्या जबाबदारीवर त्या आठ वर्षांच्या मुलीला दुपारी बाराच्या सुमारास गेटजवळ उन्हात उभे केले आणि तिच्या पावलांभोवती व सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली. नागपूर ज्या अक्षांशावर आहे तिथे त्या दिवशी मध्यान्हीची सावली जवळपास आपल्या उंचीएवढीच पडते. तिने सुतळीने सावली मोजली, मग तीच सुतळी डोक्यापासून पायापर्यंत धरून पाहिली, आणि दोन्ही सारख्या भरल्यावर तिने मला तीनदा मोजायला लावले. ती सुतळी आम्ही जपून ठेवली आहे. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. जुलैतला दिवस, १७ तारखेच्या आसपासचा, बहुधा ढगांत जातो, पण २६ मेच्या सुमारास आकाश निरभ्र असते आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ती मुलगी तेव्हापासून मला विचारते आहे की तिची सावली कोठे जाईल.

मेमधल्या त्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून, पायांत चपला घालून दहाच मिनिटे मुलांना खाली उतरू द्यावे आणि डिसेंबरात जिथे खूण होती तिथे पुन्हा पावले आखू द्यावीत. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी आणि सचिवांनी त्या वेळी गेटजवळ यावे, अशी त्यांना माझी खास विनंती आहे. आपापल्या आवारात आपण सर्वांनीही यावे. आमच्याकडचे खडू आणि सुतळी मी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
नागपूर